प्रोजेक्ट ऑनलाइन बंद होण्याआधी: प्रकल्प कार्यालयांच्या प्रमुखांना खुले पत्र

प्रति,
प्रकल्प कार्यालयांचे प्रमुख आणि आयटी विभागप्रमुख,
मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, पणजी आणि जिथे जिथे मराठी नियोजन अभियंते या प्रणालीवर रोज काम करतात ती सर्व कार्यालये.

सप्रेम नमस्कार.

प्रकल्पांची वेळापत्रके आणि कामाचे तास सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची प्रोजेक्ट ऑनलाइन ही सेवा 30 सप्टेंबर 2026 रोजी बंद होणार आहे. नव्या ग्राहकांना ती विकणे 1 ऑक्टोबर 2025 पासूनच थांबले. हे एव्हाना सगळ्यांच्या कानावर गेले आहे आणि "पुढचे टूल कोणते" यावर बैठकाही होत आहेत. आम्हा नियोजन अभियंत्यांचे म्हणणे एवढेच की तो प्रश्न दुसरा आहे. इतक्या वर्षांचा साठलेला हिशेब त्या सेवेतून शाबूत बाहेर कसा काढायचा, हा पहिला. टूल चुकले तर पुढच्या वर्षी बदलता येईल. पण चार वर्षांपूर्वी मंजूर झालेली बेसलाइन (मंजूर वेळापत्रकाची जपून ठेवलेली प्रत) किंवा त्या वेळच्या टाइमशीट (कोणी किती तास काम केले त्या नोंदी) ऑक्टोबरपासून मागायला जागाच उरणार नाही.

आधी एक गोंधळ दूर करू. बंद होते आहे ती पीडब्ल्यूए साइट, म्हणजे प्रोजेक्ट वेब ॲप. त्यात एंटरप्राइज रिसोर्स पूल (सगळ्या प्रकल्पांची सामायिक माणसे आणि साधने), टाइमशीट, मंजुऱ्या, पोर्टफोलिओ आणि रिपोर्टिंगचा ओडेटा दुवा (अहवालांसाठी आकडे कोष्टकांच्या रूपात देणारा) हे सगळे येते. संगणकावर चालणारा प्रोजेक्ट डेस्कटॉप बंद होत नाही, त्याच्या एमपीपी फाइली यापुढेही उघडतील. प्रोजेक्ट फॉर द वेब ही वेगळीच वस्तू होती, ती प्लॅनरमध्ये विलीन झाली. "प्रोजेक्टच बंद होतोय" असे समजून घाईने सगळे लायसन्स रद्द केले तर जुन्या फाइली उघडायलाही कोणाकडे काही राहणार नाही. निदान दोन-तीन डेस्कटॉप लायसन्स पुढची काही वर्षे चालू ठेवावी लागतील, हे खरेदी विभागाला आजच सांगून ठेवा.

आता तारखेकडे पाहा. 30 सप्टेंबर बुधवारी येतो आणि तो आपल्या आर्थिक वर्षाच्या पहिल्या सहामाहीचा शेवटचा दिवस आहे. सहामाही खर्च, झालेले काम आणि उरलेले काम यांचे आकडे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात लागतात, आणि ते जिथून काढायचे ती सेवा तोवर गेलेली असेल. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने गणेश चतुर्थी उशिरा, 14 सप्टेंबरला आहे आणि अनंत चतुर्दशी 25 ला. म्हणजे शेवटच्या पंधरवड्यात निम्मे कार्यालय रजेवर, मुंबई-पुण्याचे रस्ते मिरवणुकांनी भरलेले, आणि साइटवरचे लोक गावी. या दिवसांत स्थलांतर ठेवणे म्हणजे ते न होण्याची सोय करणे. आमचा आग्रह 21 ऑगस्टच्या शुक्रवारी संध्याकाळी जुन्या साइटवरचे बदल थांबवण्याचा, म्हणजे ती गोठवण्याचा आहे. 22 ला चौथा शनिवार आहे. शनिवार-रविवारी सगळे बाहेर काढायचे आणि सोमवार, 24 ऑगस्टपासून नव्या ठिकाणी काम सुरू करायचे. जुनी साइट पुढचे पाच आठवडे फक्त वाचण्यासाठी ठेवायची. त्या पाच आठवड्यांत जे राहून गेले असेल ते सापडते, आणि सापडतेच.

ज्यांनी प्रकल्प मंजुरीचे टप्पे शेअरपॉइंट 2013 वर्कफ्लोवर (मंजुरी आपोआप पुढे सरकवणाऱ्या व्यवस्थेवर) बसवले आहेत, त्यांना याहूनही आधीची तारीख लागू होते. त्या वर्कफ्लोंची अखेर 2 एप्रिल 2026 ला ठरवलेली आहे. प्रस्ताव, छाननी, मंजुरी हे टप्पे कोणाच्या सहीने पुढे सरकतात ते कागदावर उतरवून घ्या. वर्कफ्लो थांबल्यावर अनेक प्रकल्प मधल्याच टप्प्यावर अडकलेले राहतात, आणि त्या टप्प्यात कुलूप लावलेली क्षेत्रे (माहितीचे रकाने) कोणालाच बदलता येत नाहीत.

आता बाहेर काय काढायचे ते. प्रत्येक प्लॅनच्या तीन प्रती हव्यात. एक एमपीपी. दुसरी त्याच प्लॅनची एक्सएमएल प्रत, कारण ती उघडायला प्रोजेक्टचे लायसन्स लागत नाही आणि दहा वर्षांनीही कोणताही प्रोग्रामर ती वाचू शकेल. तिसरी ओडेटामधून काढलेली कोष्टके: प्रोजेक्ट्स, टास्क्स, असाइनमेंट्स (कोणते काम कोणाला दिले), रिसोर्सेस, तिन्ही स्तरांच्या (प्रकल्प, काम, असाइनमेंट) बेसलाइन आणि टाइमशीटच्या ओळी. एमपीपीमध्ये मूळ बेसलाइन आणि बेसलाइन 1 ते 10 अशा अकराही येतात, तरी कोष्टकातही घ्या. पुढे वाद झाला की आकडा दोन ठिकाणी सारखाच असणे उपयोगी पडते.

पण यातले काहीही काढण्याआधी एक गोष्ट. प्रोजेक्ट ऑनलाइनमध्ये सेव्ह केलेला मसुदा वेगळा आणि पब्लिश केलेली प्रत वेगळी. ओडेटामध्ये फक्त पब्लिश केलेलेच दिसते. एखाद्याने तीन आठवडे रोज सेव्ह केले आणि पब्लिश दाबलेच नाही, तर कोष्टकात तीन आठवड्यांपूर्वीचे चित्र येईल आणि चूक झाल्याची कसलीही सूचना मिळणार नाही. म्हणून गोठवण्याआधी चेक-आउट असलेले, म्हणजे कोणाच्या तरी नावावर संपादनासाठी उघडे राहिलेले सगळे प्रकल्प शोधा. सोडून गेलेल्या माणसांच्या नावावर अडकलेले प्रकल्प हमखास निघतात, ते प्रशासकाने जबरदस्तीने चेक-इन करावेत. मग सगळे पब्लिश करा. त्यानंतर क्यूमध्ये (सर्व्हरवरच्या कामांच्या रांगेत) जाऊन रिपोर्टिंगची कामे यशस्वी झाली की नाही ते पाहा. पब्लिश झाले पण रिपोर्टिंगचे काम अडकले, तरी कोष्टक जुनेच राहते. ज्या संगणकावरून फाइली काढणार आहात त्यावरचा डेस्कटॉपचा कॅशही (तात्पुरता साठाही) आधी रिकामा करा.

प्रकल्प 400 असतील आणि प्रत्येक हाताने उघडून दोन रूपांत सेव्ह करायला पाच मिनिटे धरली, तर 2000 मिनिटे होतात, म्हणजे 33 तासांहून जास्त. शनिवार-रविवारी एका माणसाकडून हे होणार नाही. डेस्कटॉपमधल्या व्हीबीएत, म्हणजे मॅक्रो लिहिण्याच्या भाषेत, फाइलओपनएक्स ही आज्ञा आहे. तिला प्रकल्पाच्या नावाआधी सर्व्हरची कोनी कंसांची खूण आणि उलटी तिरकी रेघ देऊन, फक्त-वाचा या रूपात प्रकल्प उघडता येतो. मग फाइलसेव्हॲज आणि बंद. यादी एक्सेलमधून द्या आणि प्रत्येक फाइलनंतर नाव, वेळ व फाइलचा आकार लॉगमध्ये लिहा. मधेच एखादी खिडकी उघडून प्रश्न विचारत बसली की मॅक्रो तिथेच थांबतो, म्हणून सूचना दाखवणे बंद ठेवा. आणि रात्री चालवून सकाळी बघू असे पहिल्या दिवशी तरी करू नका.

एमपीपीत जे येत नाही, त्यावरच खरी नजर ठेवावी लागते. टाइमशीटमधली रजा, प्रशिक्षण, कार्यालयीन वेळ या ओळी कोणत्याही प्लॅनला जोडलेल्या नसतात, त्या फक्त टाइमशीटमध्येच असतात. कोणी, कधी मंजूर केले तेही तिथेच. जोखीम आणि अडचणींच्या याद्या प्रकल्पाच्या शेअरपॉइंट साइटवर असतात. त्या एक्सेलमध्ये काढल्या की ओळी येतात, पण जोडलेली पत्रे, फोटो आणि जुन्या आवृत्त्या येत नाहीत, त्या वेगळ्या उतरवाव्या लागतात. आणि प्रकल्पपातळीवरची एंटरप्राइज क्षेत्रे (संस्थेने सर्व्हरवर ठरवलेले रकाने), उदाहरणार्थ ग्राहक, विभाग, कंत्राट क्रमांक, कामाच्या ओळींत कुठेच नसतात. ती ओडेटाच्या प्रोजेक्ट्स कोष्टकातूनच मिळतील.

कामाच्या ओळींवरची एंटरप्राइज क्षेत्रे सर्व्हरच्या व्याख्येवर जगतात. सर्व्हर गेला की त्यांचा भरवसा धरू नका. ती फाइलच्या स्थानिक क्षेत्रांत उतरवा: मजकुरासाठी टेक्स्ट1 ते टेक्स्ट30, आकड्यांसाठी नंबर1 ते नंबर20, हो-नाहीसाठी फ्लॅग1 ते फ्लॅग20, तारखांसाठी डेट1 ते डेट10, खर्चासाठी कॉस्ट1 ते कॉस्ट10. दोन्ही स्तंभ शेजारी शेजारी आणून मूल्ये चिकटवा. सूत्र लिहून एंटरप्राइज क्षेत्राकडे बोट दाखवू नका, कारण ज्याच्याकडे बोट आहे तेच जाणार आहे. कोणते क्षेत्र कुठे गेले याचा एकच तक्ता सगळ्या प्रकल्पांसाठी ठरवा. एका प्लॅनमध्ये टेक्स्ट5 म्हणजे साखळी अंतर (रस्त्यावरचे ठिकाण सांगणारा आकडा) आणि दुसऱ्यात कंत्राटदार, असे झाले तर पुढे एकत्रित अहवाल निघणार नाही.

कॅलेंडरचा घोळ सगळ्यात गुपचूप होतो, म्हणून तो जरा जवळून दाखवतो. साइटवर सोमवार ते शनिवार काम चालते. पाया खोदाईचे 12 दिवसांचे काम सोमवारी सुरू केले तर दुसऱ्या आठवड्याच्या शनिवारी संपते. तेच काम दुसऱ्या प्रणालीत आयात करताना तिथले सोमवार ते शुक्रवारचे कॅलेंडर लागले, तर ते तिसऱ्या आठवड्याच्या मंगळवारी संपते. एका कामात तीन दिवस. अशी कामे एकामागून एक साखळीत असली की वर्षभराच्या प्लॅनची शेवटची तारीख महिन्याहून जास्त पुढे सरकते, आणि पडद्यावर काहीही लाल दिसत नाही. याच कारणासाठी प्रत्येक कॅलेंडरचे छापील रूप आधी घ्या: कामाचे वार, पाळ्यांच्या वेळा, दुसरा-चौथा शनिवार, सणांच्या सुट्ट्या, पावसाळ्यात बंद ठेवलेले दिवस. दिवसाचे तास 8 आहेत की 9 हेही पाहा, कारण कालावधी आतून तास-मिनिटांतच मोजला जातो. तारखा कोष्टकातून वाचताना कोणी त्या यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) फिरवल्या, तर 5 तास 30 मिनिटांच्या फरकाने मध्यरात्रीची तारीख आदल्या दिवसावर जाते. एकाच मायलस्टोनची तारीख जुन्या आणि नव्या ठिकाणी एका दिवसाने वेगळी दिसली की आधी इथे बघा.

मास्टर प्लॅन (अनेक प्लॅन एकत्र जोडणारा) आणि प्रकल्पांमधले परस्पर दुवे हा वेगळा विषय. पुलाच्या प्लॅनमधले काम रस्त्याच्या प्लॅनमधल्या कामावर अवलंबून असेल, तर तो दुवा सर्व्हरवरच्या प्रकल्पाच्या नावाने साठलेला असतो. फाइली फोल्डरमध्ये उतरल्यावर तो पत्ता लागत नाही. असे सगळे दुवे आधी यादीत घ्या: कोणत्या प्लॅनचे कोणते काम, कोणत्या प्लॅनच्या कोणत्या कामावर, कसला संबंध, किती दिवसांचे अंतर. एकमेकांना जोडलेल्या सगळ्या फाइली एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि दुवे पुन्हा घाला. यादी नसेल तर ही माहिती फक्त नियोजन अभियंत्याच्या डोक्यात असते, आणि तो माणूस सप्टेंबरमध्ये कंपनीत असेलच असे नाही.

देवनागरीत कामांची नावे लिहिणाऱ्यांसाठी एक छोटी पण रोजची गोष्ट: सीएसव्ही फाइल यूटीएफ-8 मध्ये बीओएमसह (फाइलच्या सुरुवातीच्या ओळखखुणेसह) काढा. नाहीतर एक्सेलमध्ये दुहेरी टिचकीने उघडल्यावर 'स्लॅब भरणी'च्या जागी चित्रविचित्र अक्षरे दिसतात, आणि कोणी तशीच सेव्ह केली की मूळ मजकूर गेला.

सगळे उतरले याची खात्री डोळ्यांनी होत नाही, आकड्यांनी होते. प्रत्येक प्रकल्पासाठी आधी आणि नंतर हे जुळवा: कामांची संख्या, असाइनमेंटची संख्या, एकूण तास, झालेले तास, एकूण खर्च, सध्याची समाप्ती, बेसलाइन समाप्ती आणि क्रिटिकल कामांची (ज्यांच्या उशिराने प्रकल्पाची शेवटची तारीख हलते त्यांची) संख्या. इथे दोन ठिकाणी लोक हमखास अडकतात. ओडेटाच्या टास्क्स कोष्टकात प्रकल्पाची स्वतःची सारांश ओळही मोजली जाते, म्हणून संख्या एकाने जास्त येते. आणि सारांश कामांचे (पोटकामांची बेरीज दाखवणाऱ्या ओळींचे) तास मिळवले की तेच तास दोनदा, तीनदा मोजले जातात. सारांश ओळी गाळा किंवा बेरीज असाइनमेंटवरून करा. दिवसवार तासांचे कोष्टक रिकामे आले तर सर्व्हर सेटिंगमध्ये वेळवार आकडे रोजचे, आठवड्याचे, महिन्याचे की अजिबात नाही असे ठेवले आहेत ते पाहा. ते बदलल्यावर प्रकल्प पुन्हा पब्लिश करावे लागतात. हे कोष्टक अवाढव्य असते, एकदम मागू नका, महिन्या-महिन्याने मागा. उत्तर पानापानांत येते आणि पुढच्या पानाचा दुवा शेवटी असतो. पहिले पान मिळाल्यावरच थांबलेली स्क्रिप्ट "यशस्वी" म्हणते.

कंत्राटी कामे करणाऱ्यांनी पुढचा भाग विधी विभागाला दाखवावा. मुदतवाढीचा दावा, विलंबाची भरपाई किंवा लवाद उभा राहतो तेव्हा मूळ शेड्यूल आणि त्याच्या बेसलाइन हाच आधार असतो, आणि ही प्रकरणे काम संपल्यावरही वर्षानुवर्षे चालतात. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 हा 1 जुलै 2024 पासून लागू आहे. त्याच्या कलम 63 खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत जे प्रमाणपत्र द्यायचे, त्याच्या नमुन्यात हॅश मूल्य लिहिण्याची जागा आहे. म्हणून फाइल काढली त्याच दिवशी तिचा एसएचए-256 हॅश, म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा, नोंदवा. पॉवरशेलमधील गेट-फाइलहॅश ही आज्ञा तो लगेच देते. फाइल कोणी, कोणत्या संगणकावरून, किती वाजता काढली याची सहीनिशी नोंद ठेवा. हे काम ऑगस्टमध्ये दोन मिनिटांचे आहे. तीन वर्षांनी लवादासमोर ते कोणालाच करता येणार नाही.

पगाराच्या दरांबद्दलही सांगितलेच पाहिजे. पीडब्ल्यूएमध्ये कोणाला काय दिसावे हे परवानग्या ठरवतात. एमपीपी फाइल ज्याच्या हाती पडली त्याला माणसांचे तासाचे दर सरळ दिसतात. दर पुसून फाइल वाटावी असे वाटेल, पण दर बदलला की प्रोजेक्ट खर्च पुन्हा मोजतो आणि झालेल्या कामाचा खर्चही हलतो. तेव्हा मूळ फाइली कुलूपबंद ठेवा, वाचायला लागणाऱ्यांना पीडीएफ किंवा निवडक स्तंभांची कोष्टके द्या.

पॉवर बीआयचे अहवाल, एक्सेलच्या फाइली आणि पॉवर ऑटोमेटचे प्रवाह जर ओडेटा दुव्यावर चालत असतील तर तेही 30 सप्टेंबरलाच थांबतील. कोष्टके आपल्या डेटाबेसमध्ये उतरवताना कोष्टकांची आणि स्तंभांची नावे जशीच्या तशी ठेवा. मग अहवालात फक्त उगम बदलावा लागतो, सूत्रे पुन्हा लिहावी लागत नाहीत.

टूलबद्दल थोडक्यात. छोट्या चमूंना आणि साध्या साखळ्यांना प्लॅनरचे प्रीमियम प्लॅन पुरतील, पण मोठा प्लॅन तिथे नेण्याआधी कामांची संख्या, सानुकूल क्षेत्रे आणि बेसलाइन यांच्या मर्यादा आपल्या सगळ्यात मोठ्या प्लॅनवर तपासा. टाइमशीट, रिसोर्स पूल आणि पीडब्ल्यूए जसेच्या तसे हवे असेल तर प्रोजेक्ट सर्व्हर सबस्क्रिप्शन एडिशन हा जवळचा पर्याय आहे. तो आपल्या सर्व्हरवर, शेअरपॉइंट सर्व्हर सबस्क्रिप्शन एडिशनसोबत बसवावा लागतो आणि सांभाळायला माणूस लागतो. कोणी कपाटातला 2019 चा सर्व्हर पुढे करत असेल तर नको म्हणा, प्रोजेक्ट सर्व्हर 2016 आणि 2019 या दोन्हींचा आधार 14 जुलै 2026 लाच संपतो. प्रिमाव्हेरा पी6 या दुसऱ्या शेड्यूलिंग सॉफ्टवेअरकडे जाणाऱ्यांनी आधी सारांश कामांवर लावलेले दुवे काढून ते प्रत्यक्ष कामांवर लावावेत. प्रोजेक्टमध्ये ते चालतात, पी6 मध्ये डब्ल्यूबीएसला (कामांच्या उतरंडीतल्या गटाला) दुवा लावता येत नाही, आणि ती साखळी तिथेच तुटते. कोणताही पर्याय असो, जुलैत तीन प्लॅनवर चाचणी घ्या: सगळ्यात मोठा, सगळ्यात जास्त बाहेरचे दुवे असलेला, आणि ज्यावर टाइमशीट भरली जाते असा. सोप्या प्लॅनवरची चाचणी काहीच शिकवत नाही.

गोठवण्याआधीच्या आठवड्यात, 17 ते 21 ऑगस्ट दरम्यान, प्रलंबित टाइमशीट भरून घेणे आणि मंजूर करणे हे फक्त तुमच्या शब्दाने होईल. नियोजन अभियंता कितीही फोन करो, साइटवरचा अभियंता आरए बिल (चालू कामाचे बिल) आणि मोजमाप सोडून टाइमशीटकडे वळणार नाही. मंजुरी केंद्रात लटकलेली कामाची प्रगती प्लॅनमध्ये उतरलेली नसते, आणि न उतरलेले तास एमपीपीत येणार नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी सेव्ह आणि पब्लिशच्या परवानग्या काढून घ्या, नाहीतर शनिवारी कोणीतरी "एवढीच एक तारीख" बदलतो आणि रविवारी आकडे जुळत नाहीत.

तुमच्याकडून आम्हाला चार ओळींचे परिपत्रक हवे आहे, याच आठवड्यात. स्थलांतराची जबाबदारी कोणा एका व्यक्तीची, तिचे नाव. गोठवण्याचा दिवस. काढलेल्या फाइली कुठे, किती वर्षे आणि कोणाच्या ताब्यात राहतील. आणि ऑगस्टच्या त्या शनिवार-रविवारी जे कामावर येतील त्यांना बदली रजा मिळेल, हेही त्यात लिहा.

आपले,
शेड्यूल बनवणारे, पाळणारे आणि त्यावर उत्तरे देणारे
नियोजन अभियंते व प्रकल्प नियंत्रक